जॅनिसच्या तोंडी घातलेले शब्द

मँचेस्टरजवळच्या ओल्डमला माझं वर्तमानपत्रांचं दुकान एकतीस वर्षं होतं. त्या काळात मी किती पोरींना किती मासिकं विकली, हे मनात आलं की आजही अवघडल्यासारखं होतं. सिगारेटी विकताना कधी असं वाटलं नाही. सिगारेटच्या पाकिटावर निदान धोक्याची सूचना तरी छापलेली असायची.

आता ऐंशी ओलांडली, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. आणि खरं बोलायचं तर जॅनिस कर्शॉबद्दल बोलायला हवं. जॅनिस म्हणजे कुणी मोठी बाई नव्हे. पन्नाशीला टेकली आहे, आई जिथे कामाला होती ती बेकरी आज तीच चालवते, आणि पिठाच्या गोण्या अजून एकटी उचलते. केक घेताना एखादी बाई "आज जरा पाप करते हं" असं लाडेलाडे म्हणाली, की जॅनिस तो केक परत काचेत ठेवते. "पाप करायचं तर दुसरीकडे जा. इथे केक मिळतो," म्हणते. बाया फणकारून जातात आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत येतात.

ही अशी का झाली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. १९८२ सालची गोष्ट. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

कर्शॉंचं घर दुकानापासून तिसरं. वडील गिरणी बंद पडल्यावर कोव्हेंट्रीला कामाला गेले आणि तिथलेच झाले. आई मार्जरी बेकरीत. शनिवारी जॅनिसही तिथे ट्रे उचलायला जायची, त्यामुळे तिचे खांदे चांगले भरलेले. हसणं असं, की पलीकडच्या बसथांब्यावरची माणसं मान वळवून बघायची. धाकटी जिल तेरा वर्षांची, किरकोळ अंगाची, बोलायला कमी. जॅनिसने केस कापले की दुसऱ्या दिवशी ही कात्री घेऊन आरशासमोर. मी एकदा मार्जरीला विचारलं होतं, "हिला स्वतःचं डोकं आहे की नाही गं?"

"आहे की," मार्जरी म्हणाली, "पण ते तिने जॅनिसच्या खांद्यावर ठेवायला दिलंय."

दर गुरुवारी सकाळी 'ग्लिमर' मासिकाचा गठ्ठा यायचा. मासिक आपलं म्हणायचं, यायचं दर आठवड्याला. शाळेला जाताना पोरींची झुंबड उडायची. मुखपृष्ठावर दात काढून हसणारी मुलगी, आणि आत सल्ल्याच्या पानावर पत्र लिहिणारी प्रत्येक मुलगी रडत असलेली. मग 'त्याला आवडण्याचे सात उपाय'. मग कंबर बारीक करण्याचा तक्ता, आणि त्याच्या शेजारच्याच पानावर चॉकलेटची जाहिरात. मी म्हणायची, एक काहीतरी ठरवा बायांनो! पण सगळ्यांत जास्त हाणामारी असायची ती फोटोकथेसाठी. चित्रांच्या जागी खरीखुरी मुलं-मुली, आणि त्यांच्या तोंडातून निघालेले पांढरे फुगे. फुग्यात संवाद. गोष्ट दर वेळी एकच: मुलीला मुलगा हवा असतो, मुलाला दुसरी कुणीतरी हवी असते, मग मुलगी स्वतःत काहीतरी सुधारणा करते आणि मुलगा वळून बघतो. मुलाला कधी काही सुधारावं लागल्याचं एकतीस वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

या फोटोंसाठी ते साध्या घरच्या मुली घेत. अंकात एक कूपन असायचं, ते भरून आपल्या फोटोसकट मँचेस्टरच्या कचेरीत पाठवायचं. जॅनिसला ते कूपन मी कापून दिलं. "पाठव गं, तुझं हसू सगळ्या इंग्लंडला दिसू दे," असंही म्हटलं. हे लक्षात असू द्या, कारण पुढे तिने मला त्याची आठवण करून दिली आणि मला गप्प बसावं लागलं.

महिन्याभरात बोलावणं आलं. मार्जरीने कागदावर सही केली. बारीक अक्षर तिने वाचलं नाही, कोण वाचतं? एका शनिवारी जॅनिस पहिल्या बसने मँचेस्टरला गेली. तिथे चार मुली, दोन मुलगे, दिवे आणि एक घाईत असलेला फोटोवाला. गोष्ट काय आहे हे कुणाला सांगितलंच नाही. "हस. आता रुस. आता खिडकीतून बघ. पोट आत घे. पुढची!" फोटो आधी, शब्द मागाहून, कामाची पद्धतच ती. कचेरीत बसून कुणीतरी नंतर फुगे चिकटवायचं.

मध्येच एक केक आणला. सुरेख, चकचकीत, वर लाल चेरी. जॅनिस पहाटेपासून उपाशी. तिने हात पुढे केला तशी सजावटवाली बाई ओरडली, "खाऊ नकोस! चमकावा म्हणून केसांचा स्प्रे मारलाय त्यावर." बशी नाकाजवळ आली. जॅनिसने तोंड वाकडं केलं, पंजा उभा धरून बशी लांब ढकलली. खटकन फोटो निघाला. सुटल्यावर तिने बसथांब्याजवळ सॉसेज घातलेले दोन पाव उभ्याउभ्या हाणले आणि घरी आली.

घरी जिल दारात वाट बघत बसलेली. जॅनिसने तिला दिव्यांचं सांगितलं, गालांना लावलेल्या रंगाचं सांगितलं, गोऱ्या केसांच्या मुलाचं सांगितलं. भुकेचं नाही सांगितलं, केकचं नाही सांगितलं. "तिचे डोळे असे लुकलुकत होते, आँटी एडना. म्हटलं कशाला पोरीचा विरस करू?" असं ती मला मागाहून म्हणाली. जॅनिसची चूक एवढीच, आणि ती आजही ती स्वतःच्या पदरात घेते.

मार्चमधल्या एका गुरुवारी कथेचा पहिला भाग आला. तीन आठवड्यांची कथा, नाव 'त्याने वळून पाहिलं!' जॅनिस नायिका नव्हती. ती होती नायिकेची जाडी मैत्रीण, पॅट. माझ्या गल्ल्यापाशी उभी राहून तिने पान उघडलं. वाकडं तोंड, उभा पंजा, लांब ढकललेला केक. आणि तोंडातून निघालेला फुगा: "नको बाई! उपाशी राहीन, पण जाडी राहणार नाही. जाड मुलीकडे कोण बघतं?"

जॅनिस कानापर्यंत लाल झाली. "मी असं म्हटलंच नव्हतं."

मी हसले. होय, मी हसले. "तोंड तर तुझंच आहे की," म्हणाले. चोवीसपैकी तेवीस प्रती दुपारच्या आत संपल्या. एक तेवढी मी कौतुकाने बाजूला काढून ठेवली होती.

दोन दिवस जिल शाळेत मिरवली. माझी बहीण, माझी बहीण. आणि मग ती जेवेनाशी झाली.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच जेवायची; नवरा गेल्यापासूनची रीतच होती. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की जिल मटण बारीक बारीक कापते आणि वाटाण्यांखाली लपवते.

"बटाटे घे की, राणी," मार्जरी म्हणाली.

"नको. शाळेत खाल्लंय."

"रविवारी शाळा?" जॅनिस म्हणाली. "जिल, आईला बनवू नकोस. सकाळीही तू पाव कुत्र्याला घातलास. मी पाहिलं."

जिलने काटा खाली ठेवला. "तू पण नाही खाल्लास ना केक."

"अगं, ते मी म्हटलंच नाही! त्यांनी मागाहून लिहिलं ते."

"छापलंय."

"छापलंय म्हणून काय झालं?"

"तुझ्या तोंडातून येतंय. फुग्याची शेपटी तुझ्या ओठांपाशीच आहे. मी नीट बघितलंय."

"त्या केकवर केसांचा स्प्रे होता, बये! खाल्ला असता तर मेले असते."

जिल तिच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंस? त्या दिवशी म्हणालीस सगळं मस्त होतं. आता मी जेवावं म्हणून बनवून सांगतेयस."

मार्जरीने ताटं उचलली आणि मोरीपाशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मंगळवारी जिल शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी वजनाच्या काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि मार्जरीला आत बोलावून दार लावलं. बाहेर आली तेव्हा मार्जरीचा चेहरा पांढराफटक. असंच चाललं तर पोरीला दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल, असं ते म्हणाले होते.

तुम्ही म्हणाल, तारखांचा मेळ बसत नाही. तीन रविवार झाले तर तिन्ही भाग यायला हवे होते. बरोबर आहे. मधे छापखान्यात संप झाला आणि दुसरा भाग लांबला. संपाचे मी तेव्हा आभारच मानले. पण त्या गुरुवारी तो यायचाच होता, आणि त्यात जॅनिसच्या तोंडी काय घातलंय हे देवाला ठाऊक.

बुधवारी जॅनिसने माझ्या दुकानातून मँचेस्टरला फोन लावला. संपादिका मिस पेनरोज. रिसीव्हरमधून तिचा आवाज मला गल्ल्यापर्यंत ऐकू येत होता. गोड, भराभर बोलणारा.

"अगं, गंमत असते ती! सगळ्या मुलींना कळतं."

"माझ्या बहिणीला नाही कळलं."

"वाईट वाटलं हं ऐकून. पण फोटो आमचा, शब्द आमचे. तुझ्या आईची सही आहे. बरं, तू फोन केलास ते छानच झालं. उन्हाळी अंकात तुलाच नायिका करायचं चाललंय आमचं. ब्लॅकपूलला, समुद्रावर! फक्त तोवर जरा..."

"जरा काय?"

"जरा कमी हो. एखादा स्टोन वजन, बस्स. चेहरा गोड आहे गं तुझा."

एक स्टोन म्हणजे सहा किलोच्या वर. जॅनिस फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. तिला जायचं होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमच्या गल्लीतून बाहेर पडायची एखादी फट दिसावी म्हणून ती पोर किती दिवस टाचा उंच करून बघत होती. "विचार करून सांगते," असं म्हणून तिने फोन ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. बहीण अंथरुणात, आणि ही विचार करणार?

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी गठ्ठ्याची दोरी कापत होते, तर ही दारात हजर. सरळ आत आली, वरची प्रत ओढली, पान काढलं. तिचे चार फोटो. एकात ती खदखदून हसतेय, आणि फुगा: "दोन आठवडे नुसती ग्रेपफ्रूटची फोड! आणि बघ, गॅरीने मला हाक मारली!"

"तुमच्याकडची किमतीची लेबलं द्या," जॅनिस म्हणाली. "पांढरी, मोठी. आणि पेन."

"कशाला?"

"फुगे झाकायचेत. सगळ्या प्रतींमधले."

"डोकं फिरलं का तुझं? वितरकाला कळलं तर माझा सगळाच माल बंद करेल. पेपरसुद्धा. दुकान चालवायचंय मला, पोरी."

"आँटी एडना, कूपन कुणी कापून दिलं होतं?"

मी लेबलांचा अख्खा रोल तिच्यापुढे ठेवला. वर दुसरं पेन काढून मीही बसले.

चोवीस प्रती, प्रत्येकीत चार फुगे. ती सांगत होती, मी लिहीत होते. मग ती लिहीत होती. हसणाऱ्या फोटोवर: "गॅरी आत्ताच खुर्चीवरून पडला, म्हणून हसतेय. ग्रेपफ्रूट मी जन्मात खाल्लेलं नाही." आरशासमोरच्या फोटोवर: "फोटोवाला म्हणाला श्वास आत ओढ. सोडला की पोट परत आपल्या जागी." खिडकीतून उदास बघतानाच्या फोटोवर: "बस चुकणार बहुतेक." आणि शेवटच्यावर: "माझं नाव पॅट नाही. मी जॅनिस कर्शॉ. वजन दहा स्टोन. काही म्हणायचं असेल तर शनिवारी बेकरीत येऊन तोंडावर म्हणा."

"वजन कशाला लिहितेस?" मी विचारलं.

"त्यांना वाटतं मी ते लपवीन म्हणून."

सव्वाआठला पोरी आल्या. आधी कुणाला कळेना. मग कार्डांच्या मांडणीपाशी एकीने मोठ्याने वाचलं आणि असा हशा उसळला की पोस्टमन आत डोकावला. दुपारी दुसऱ्या दुकानांतून अंक घेतलेल्या मुली माझ्याकडे आल्या, "आम्हालाही लेबलं द्या ना." आठवडा संपायच्या आत ज्यांचे फोटोही नव्हते त्या मुली आपल्या मनानेच फुगे भरायला लागल्या. नायिकेच्या तोंडी गणिताच्या शिक्षकांना शिव्या, गॅरीच्या तोंडी "मला धड बूट बांधता येत नाहीत". काहींनी ते अंक पाकिटात घालून मँचेस्टरला परत पाठवले. मला वाटलं, जिंकलो.

जिंकलो कसले? जॅनिसने ती प्रत जिलच्या उशाशी नेऊन दिली. जिलने चारही लेबलं वाचली. हसली नाही. नखाने एका लेबलाचा कोपरा उचलून खालचं बघितलं.

"हे पेनाने लिहिलंय," ती म्हणाली. "छापलेलं खालीच आहे."

त्या दिवशी तिने अर्धं सफरचंद खाल्लं आणि उरलेलं रुमालात गुंडाळून ठेवलं. जॅनिस माझ्याकडे येऊन गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. एवढी उभी आडवी पोर, पण हमसून हमसून रडत होती. मग नाक पुसून म्हणाली, "तिला माझ्या शब्दावर भरवसा नाही. मग त्यांच्याच तोंडून वदवायला हवं."

तिसरा भाग आला त्याच दिवशी वितरकाचा माणूस माझ्या दुकानात येऊन टेबलावर हात आपटून गेला. पाठोपाठ मिस पेनरोजचा फोन: उद्या चार वाजता मी स्वतः येते, त्या मुलीलाही बोलवा. मी म्हटलं, या की! मग जॅनिसला निरोप धाडला. ती नुसती "बरं" म्हणाली आणि बेकरीत गेली.

शुक्रवारी चार वाजता दुकान पोरींनी गच्च भरलं होतं. बातमी पसरायला ओल्डममध्ये कधी वेळ लागत नाही. मार्जरी जिलला अंगाभोवती शाल लपेटून घेऊन आली होती. जॅनिसनेच तसं सांगितलं होतं. जिल कार्डांच्या मांडणीला टेकून उभी राहिली.

मिस पेनरोज माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरी निघाली. चाळिशीची, मनगटं अशी बारीक की घड्याळ कोपराकडे घसरायचं. खोटं कशाला बोलू, मला तिची जराशी कीवच आली. तिने पिशवीतून मार्जरीच्या सहीचा कागद काढला.

"हे बघ, जॅनिस, कुणालाच भांडण नको आहे. तू ही लेबलं थांबव, आम्ही सगळं विसरू. ब्लॅकपूलचं अजून तुझ्याचसाठी ठेवलंय मी."

"आधी काही खाऊन घ्या," जॅनिस म्हणाली. "लांबून आलात."

गल्ल्याखालून तिने केक काढला. स्वतः भाजलेला, वर साय आणि चेरी. पोरींनी "आहा!" केलं. मग तिने माझ्या मांडणीवरचा केसांच्या स्प्रेचा डबा उचलला, झाकण काढलं, आणि सगळ्यांदेखत केकवर चांगला घट्ट फवारा मारला. वास दुकानभर झाला. केक कसा लखलखायला लागला! एक फोड कापून तिने बशीत घातली आणि बशी मिस पेनरोजच्या नाकापाशी नेली.

"घ्या ना बाई. एक घास."

मिस पेनरोजने तोंड वाकडं केलं. मान मागे घेतली. पंजा उभा धरून बशी लांब ढकलली.

मी बाजूला ठेवलेली पहिली प्रत एव्हाना हाताशी काढलेलीच होती. ते पान उघडून मी तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अय्या! सेम टू सेम!"

"बाई," जॅनिस म्हणाली, "सगळ्यांना सांगा. तुम्ही केक का ढकललात? जाडी व्हायच्या भीतीने?"

"हा काय पोरकटपणा आहे?"

"सांगा ना. जाड मुलीकडे कुणी बघत नाही म्हणून?"

"वास येतोय त्याला!" मिस पेनरोजचा तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "स्प्रे आहे त्यावर! कोण खाईल असलं?"

"आणि त्या दिवशीच्या केकवर?"

मिस पेनरोजने भोवती पाहिलं. तीसएक पोरी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं बोलायला ती तयार होती, असं मला वाटलं. पण मग तिची नजर शालीतल्या जिलवर गेली आणि तिथेच थांबली. जिलच्या मनगटावर थांबली.

"त्यावरही होता," ती म्हणाली. "नेहमी असतो. नाहीतर दिव्यांखाली केक चांगला दिसत नाही."

"आणि मी काय म्हणाले होते तेव्हा?"

"मला काय ठाऊक? मी तिथे नव्हते. शब्द मी सोमवारी लिहिले, कचेरीत."

"तुम्ही लिहिले," जॅनिस म्हणाली. "मी नाही. एवढंच हवं होतं. आता ब्लॅकपूलचं. ब्लॅकपूल काही पळून जात नाही. मी बसने जाईन, दहा स्टोनचीच जाईन, आणि समुद्रावर बसून मासा आणि चिप्स खाईन. तुमचा फोटोवाला आला तर त्यालाही देईन दोन."

पोरींनी दुकान डोक्यावर घेतलं. मिस पेनरोज कागद पिशवीत कोंबून दाराकडे वळली. जाताजाता माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाली, "तुमचा 'ग्लिमर' बंद होईल."

"करा," मी म्हटलं. "ती जागा मला लोकरीच्या गुंड्यांना हवीच आहे."

झालाही बंद. बाकीचा माल मात्र वितरकाने चालू ठेवला, नुसताच गुरगुरला. मासिक पुढे चार-पाच वर्षं चाललं. आमच्यामुळे ते बुडालं वगैरे मी म्हणणार नाही. जॅनिसला पुन्हा कुणी फोटोला बोलावलं नाही, आणि त्याचं तिला पहिले काही महिने वाईट वाटलं. मोठ्या धीराच्या माणसांनाही वाईट वाटतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पण त्या शुक्रवारचं राहिलं. पोरी पांगल्या. मार्जरी केक टाकून द्यायला मागे गेली. जिल अजून मांडणीपाशीच. तिथून ती गल्ल्यापाशी आली, तिसरा भाग उघडून पानं चाळत राहिली. शेवटच्या चित्रात नायिका गॅरीसमोर हॉटेलात बसलेली, तिच्यापुढे रिकामं टेबल. फुगा: "मला काही नको, तू खा. मी नुसती बघते."

जिलने लेबलांच्या रोलमधून एक लेबल काढलं. फुग्यावर नीट बसवलं, कडा अंगठ्याने दाबल्या. पेन मागितलं. मी दिलं. बराच वेळ तिने नुसतंच पेन धरून ठेवलं. मग अगदी बारीक अक्षरात लिहिलं आणि अंक जॅनिसकडे सरकवला. वर बघितलं नाही.

"मला भूक लागलीय."

जॅनिस कोट न घालताच रस्ता ओलांडून धावली आणि समोरच्या दुकानातून कागदात बांधलेल्या बटाट्याच्या जाड, गरम चिप्स घेऊन आली. तो कागद तिने गल्ल्यावर दोघींच्या मधे उघडला, आणि पहिली चिप स्वतः तोंडात टाकली. जिलने एक उचलली. फुंकर मारली. खाल्ली. मग दुसरी. माझे डोळे तिच्या बोटांवरून हलेनात. तीन. चार. पाचवी तिने हातात धरली, ठेवली, पुन्हा उचलली.

"पाच," माझ्या तोंडून निघून गेलं.

जॅनिस गर्रकन वळली. एवढ्या रागाने तिने ना मिस पेनरोजकडे पाहिलं होतं, ना कुणाकडे.

"मोजायचं नाही, आँटी एडना," ती म्हणाली. "या घरात आता हिचं काहीएक मोजायचं नाही."

घर नव्हतं ते, माझं दुकान होतं. पण मी पाठ फिरवली आणि उद्याच्या पेपरांसाठी मांडणी पुसायला घेतली.